चाळीस नावांची यादी आणि चार माणसांचे काम

(एका वाचक भगिनींचे पत्र. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहे.)

पत्रलेखिका गेली सहा वर्षे आपल्या परिसरातील रहिवाशांच्या एका स्वयंसेवी गटाचे काम पाहतात. मुलांच्या शाळेच्या वाटेवरील वाहतूक सुरक्षित व्हावी आणि परिसरातले एकमेव मैदान मोकळेच राहावे, ही गटाची दोन मुख्य कामे आहेत. यादीत चाळीस नावे आहेत, मासिक बैठकीला बारा-पंधरा जण येतात आणि प्रत्यक्ष काम चौघांवर पडते. त्या चौघांतही बराचसा भार लेखिकेवरच असतो. गटात पदे नाहीत, सगळे समान आहेत, याचा त्यांना अभिमान आहे. बैठक तीन-तीन तास चालते, पण उठताना काय ठरले हे कोणालाच नीट सांगता येत नाही. एका तरुण कार्यकर्तीने वाहतुकीच्या पाहणीचा अहवाल मोठ्या उत्साहाने लिहिला होता. तो अधिकाऱ्यांना द्यायचा असल्यामुळे लेखिकेने रात्री बसून तो नव्याने लिहिला. त्यानंतर ती तरुणी हळूहळू यायची थांबली. गेल्या बैठकीत लेखिकेने पुढच्या वर्षीची जबाबदारी कोण घेणार असे विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. त्या लिहितात, 'लोकांना जबाबदारी नको असते, तक्रार करायला तेवढी जागा हवी असते, असे मला वाटू लागले आहे. मी बाजूला झाले तर गट बंद पडेल आणि राहिले तर मी मोडून पडेन. काय करावे?'

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी एका जागी थांबले, आणि तुम्ही स्वतः बहुधा ते वाक्य लिहून सहज पुढे गेला असाल. जबाबदारी कोण घेणार असे तुम्ही विचारलेत आणि खोलीत शांतता पसरली. त्या शांततेचा अर्थ 'लोकांना जबाबदारी नको आहे' असा तुम्ही लावलात. मी त्या खोलीत बसले असते तर मीही हात वर केला नसता, आणि त्याचे कारण आळस नसते. जबाबदारी म्हणजे नेमके काय, आठवड्याचे किती तास, किती महिन्यांसाठी, निर्णय मी घ्यायचे की प्रत्येक वेळी विचारायला यायचे, चुकले तर कोण सावरून घेणार आणि झेपले नाही तर बाहेर कसे पडायचे, यांपैकी एकाही गोष्टीचा खुलासा त्या प्रश्नात नव्हता. एक गोष्ट मात्र सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होती : ज्यांनी ही जबाबदारी सहा वर्षे वाहिली, त्या आज किती थकल्या आहेत. तुमच्या जागेवर येण्याचे आमंत्रण तुम्ही दिलेत खरे, पण त्या जागी बसल्यावर माणसाचे काय होते हेही लोक सहा वर्षे तुमच्याकडे बघूनच शिकले आहेत.

शिवाय, घोळक्याला विचारलेला प्रश्न कोणालाच विचारलेला नसतो. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले लोक यंत्रावरून एकमेकांशी बोलत असताना त्यांतल्या एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू येतो. हा आवाज आपण एकट्यानेच ऐकला असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के लोकांनी मदतीसाठी धाव घेतली. आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. आणीबाणीचा प्रसंग आणि मासिक बैठक यांत अंतर आहे, हे मान्य. तरीही 'कोणीतरी घेईलच' या विचारामागची यंत्रणा दोन्हीकडे तीच असते आणि त्या घटकेला समोरची माणसे वाईट किंवा निष्काळजी झालेली नसतात.

तुमच्या आणखी एका गृहीतकाला मला हळूच हात लावायचा आहे. चाळीसपैकी बारा-पंधरा जणच येतात, ही तुम्हाला तूट वाटते. दिवसभराचे काम संपवून, कोणताही मोबदला नसताना, तीन तास चालणाऱ्या आणि काहीही न ठरणाऱ्या बैठकीला बारा माणसे महिन्यामागून महिना येत असतील, तर मला तो चिवटपणा थक्क करणारा वाटतो. ही माणसे बेजबाबदार नाहीत. ती कशाची तरी वाट पाहत आहेत आणि ते नेमके काय, हे त्यांना कोणी विचारलेले दिसत नाही.

आता पदांविषयी. आमच्यात कोणी अध्यक्ष नाही, सगळे समान, असे तुम्ही लिहिता. भावना सुंदर आहे. पण मग बैठकीची तारीख कोण ठरवते, अधिकाऱ्यांशी कोण बोलते, अहवाल कोणता जाणार हे शेवटी कोण ठरवते? अमेरिकेतील स्त्रीवादी चळवळीच्या कार्यकर्त्या आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासक जो फ्रीमन यांनी १९७० मध्ये एका भाषणात हाच मुद्दा मांडला होता आणि पुढे तो लेखरूपाने खूप वाचला गेला. ज्या गटात रचना नाही असे म्हटले जाते तिथेही रचना असतेच, फक्त ती उघड नसते. आणि ती उघड नसल्यामुळे तिला प्रश्न विचारता येत नाही, तिच्यात शिरण्याची वाट नव्या माणसाला सापडत नाही. तुमच्या गटाला नेता आहे आणि तो तुम्ही आहात. हे मान्य न केल्याचे दोन तोटे झाले. तुमच्यावरचा भार मोजता आला नाही आणि जे पद नाहीच, ते दुसऱ्याच्या हाती सोपवताही आले नाही.

या सगळ्याची मुळे मला त्या अहवालाच्या रात्रीत दिसतात, म्हणून तिथे थोडी रेंगाळते.

तुम्ही अहवाल पुन्हा लिहिलात, कारण तो चांगला जायला हवा होता. हेतूबद्दल शंका नाही. पण त्या अहवालात नक्की काय चुकले होते, हे आज शांतपणे आठवून पाहा. एखाद्या चौकातल्या गाड्यांची संख्या चुकली असेल, तर ती दुरुस्त करणे भागच होते, आणि ते दहा मिनिटांच्या फोनवर तिच्याकडूनच करून घेता आले असते. भाषा कच्ची असेल, तर दोघींनी शेजारी बसून दोन परिच्छेद सुधारले असते आणि उरलेले तिने त्या धर्तीवर केले असते. तिसरीही एक शक्यता आहे, आणि आपल्यासारख्या जुन्या कार्यकर्त्यांच्या बाबतीत बहुतेकदा तीच खरी निघते : त्यात चूक अशी काही नव्हती, ते फक्त आपण लिहिले असते तसे नव्हते. मी हे कोणत्या तोंडाने सांगते आहे ते कबूल करायला हवे. मी ज्या एका संस्थेत पुष्कळ वर्षे काम केले, तिथे एका सहकारी मुलीने तयार केलेले परिपत्रक मी इतके 'सुधारले' की त्यात तिची म्हणून फक्त तारीख उरली. ती हसून म्हणाली, 'ताई, पुढच्या वेळी तुम्हीच लिहा ना.' मला तो तिचा विनय वाटला. तो राजीनामा होता, हे कळायला मला फार दिवस लागले.

त्या तरुणीला तुम्ही काम दिले होते, निर्णय दिला नव्हता. कार्यकर्ते घडण्याच्या साऱ्या प्रश्नाची गाठ माझ्या मते इथे आहे. खुर्च्या मांडणे, पत्रके वाटणे, चौकात उभे राहून गाड्या मोजणे ही कामे आपण उदारपणे वाटतो. कोणता चौक मोजायचा, कोणत्या दिवशी, निष्कर्ष काय काढायचा आणि तो कोणापुढे कोणी मांडायचा हे मात्र स्वतःकडे ठेवतो. मग लोक हातांनी मदत करतात आणि डोके घरी ठेवून येतात. ज्या कामात आपल्या मताने काहीच बदलत नाही, त्या कामाची जबाबदारी माणूस घेणार तरी कशी?

याच्या उलट काय घडू शकते, याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर वाचता येणे आवश्यक होते आणि असंख्य कृष्णवर्णीय प्रौढांना शिक्षणच नाकारले गेले होते. जॉन्स आयलंड या बेटावर १९५७ मध्ये अशा प्रौढांसाठी पहिला नागरिकत्वाचा वर्ग सुरू झाला. सेप्टिमा क्लार्क या अनुभवी शिक्षिका आणि टेनेसीतील हायलँडर ही प्रौढ शिक्षणाची संस्था त्यामागे होती. वर्ग चालवण्यासाठी त्यांनी प्रशिक्षित शिक्षक मुद्दाम टाळला. तो मोठ्या माणसांना लहान मुलांसारखे वागवील, ही भीती त्यांना होती. त्यांनी बर्निस रॉबिन्सन यांना गाठले. त्या केशरचनेचा व्यवसाय करत, त्यामुळे गोऱ्या मालकाने नोकरीवरून काढण्याचा धाक त्यांना नव्हता, आणि लोकांचे ऐकून घेणे हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग होता. आपण शिक्षिका नाही, हे त्यांनी आधीच सांगितले; वर्गात गेल्यावर तुम्हाला काय शिकायचे आहे, असे विचारले आणि लोकांनी जे सांगितले तिथून सुरुवात केली. हे वर्ग पुढे दक्षिणेतल्या अनेक राज्यांत पसरले आणि शिकून गेलेल्यांतले अनेक जण स्वतः शिकवू लागले.

तुम्ही बहुधा 'माझ्यासारखे कोणी' शोधत आहात. सफाईदार लिहिणारे, अधिकाऱ्यांपुढे न डगमगणारे, रात्री जागणारे. तसे कोणी मिळणार नाही, आणि मिळाले तर तेही सहा वर्षांनी मला असेच पत्र पाठवतील. नजर जरा दुसरीकडे वळवा. बैठकीनंतर कोणाभोवती चार माणसे थांबतात? कोणाच्या सांगण्यावरून शेजारीपाजारी सही करतात? बैठकीत तोंड न उघडणारे, पण मैदानावर रोज येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारे कोण आहे? ज्याच्यामागे दोन माणसे स्वखुशीने येतात, त्याच्यात नेतृत्व आहे, मग त्याला भाषण करता येवो अथवा न येवो.

अशी माणसे सभेत सापडत नाहीत, एकेकट्या भेटीत सापडतात. लोकसंघटनेच्या कामात ही जुनी रीत आहे. फ्रेड रॉस हे कॅलिफोर्नियातील संघटक घरोघरी छोट्या बैठका घेत हिंडत असत; १९५२ मध्ये सॅन होजे येथे त्यांची सेझर चावेझ या तरुणाशी गाठ पडली ती याच हिंडण्यात, आणि पुढे हाच तरुण शेतमजुरांच्या चळवळीचा नेता झाला. तुम्ही एवढ्या मोठ्या परिणामाची अपेक्षा धरू नका. येत्या दोन महिन्यांत आठवड्याला दोघांना, प्रत्येकी अर्धा तास भेटा, एवढेच माझे म्हणणे आहे. या पहिल्या भेटीत कोणतेही काम सांगू नका. हा नियम पाळणे तुम्हाला सर्वांत जड जाईल. तुम्ही या गटात का आलात, या परिसरातली कोणती गोष्ट तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही, आधी कुठे काही चालवले आहे का, आमच्या बैठकीत तुम्हाला काय खटकते, असे विचारा आणि ऐका. शेवटचा प्रश्न विचारल्यावर स्वतःचा बचाव करायचा नाही. घरी गेल्यावर चार ओळी टिपून ठेवा.

दुसऱ्या भेटीत मागणी करा, पण ती मापाची असू द्या. 'शाळेसमोरच्या चौकाची पाहणी तुम्ही पाहाल का? सहा आठवडे, आठवड्याला साधारण दोन तास. दिवस, वेळ आणि सोबतची माणसे तुम्ही ठरवायची. आकडे खरे असावेत आणि मुलांना रस्त्यावर उभे करू नये, या दोन अटी सोडल्या तर बाकी तुमचे. अडले तर मी आहे.' अशा मागणीला माणूस हो म्हणतो तेव्हा कशाला हो म्हणतो आहे हे त्याला कळलेले असते. तो नाही म्हणाला, तर ते 'नाही' निमूटपणे स्वीकारा. ज्याला मोकळेपणी नकार देता येतो, त्याच्याच होकारावर विसंबता येते. सहा आठवडे संपल्यावर त्या माणसासोबत बसून काय जमले, काय अडले हे बोला आणि पुढचे काम एक पायरी वरचे द्या : आता त्याने आणखी दोघांना तयार करायचे. कार्यकर्ता घडला की नाही हे त्याने किती काम उरकले यावरून मी ठरवत नाही. त्याच्यामुळे दुसरे कोणी कामाला लागले का, हे पाहते.

हे करायला वेळ कुठून आणायचा, असे तुम्ही म्हणाल. तो तुमच्या बैठकीतून काढायचा आहे.

तीन तासांच्या बैठकीचे तुम्ही केलेले वर्णन वाचून मला चर्चेचे गुऱ्हाळ हा आपला शब्द किती नेमका आहे ते पुन्हा पटले. फरक इतकाच की गुऱ्हाळातून निदान रस तरी निघतो. बैठकीत माहिती सांगणे, विचारविनिमय करणे आणि निर्णय घेणे ही तीन वेगळी कामे असतात आणि तुमच्याकडे ती एकमेकांत कालवली गेली आहेत. माहिती आधी एका पानावर लिहून पाठवा. ती वाचून दाखवण्यात बारा माणसांची संध्याकाळ घालवू नका. विषयपत्रिकेवर नुसते 'मैदान' असे लिहिले की ज्याला मैदानाबद्दल जे आठवेल ते तो बोलतो. त्याऐवजी विषय प्रश्नाच्या रूपात लिहावा : 'मैदानाबाबतचे निवेदन याच महिन्यात द्यायचे, की सह्या पूर्ण करून पुढच्या महिन्यात?' प्रश्न असा असला की उत्तर आले किंवा नाही हे सगळ्यांना कळते आणि भरकटलेल्या माणसाला परत आणणे बैठक चालवणाऱ्यालाही सोपे जाते. दीड तासात असे दोन प्रश्न नीट सुटतात, फार तर तीन. 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली मात्र काहीही ठरवू नये, ते पुढच्या वेळेसाठी टिपून घ्यावेत. घाईने घेतलेले आणि पुढे निस्तरत बसावे लागलेले बहुतेक निर्णय मी याच सदरातून जन्मलेले पाहिले आहेत.

विषयांचा क्रमही विचाराने लावावा. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ मध्ये विनोदाने रंगवलेली एक समिती प्रसिद्ध आहे. ती अणुभट्टीचा एक कोटी पौंडांचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवण्याच्या साडेतीनशे पौंडांच्या शेडवर पाऊण तास वाद घालते, कारण अणुभट्टी कोणाला कळत नाही आणि शेड प्रत्येकाला कळते. विनोद असला तरी तो कुठल्याही बैठकीत घड्याळ लावून तपासता येईल. म्हणून अवघड प्रश्न लोक ताजेतवाने असताना घ्यावा आणि फलकाचा रंग कोणता, अशा गोष्टी दोघांवर सोपवून मोकळे व्हावे. सोपवल्यावर त्यांनी निवडलेल्या रंगाबद्दल ब्र काढायचा नाही, हे ओघाने आलेच.

यापुढे तुम्ही बैठक चालवू नका. दर तीन बैठकांना बैठकीचा अध्यक्ष बदला, वेळ पाहणारा एक आणि इतिवृत्त लिहिणारा एक अशी आणखी दोन कामे वेगळ्या माणसांना द्या, आणि तुम्ही मधल्या नव्हे, कडेच्या खुर्चीत बसा. ही खुर्चीची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण आज बोलणारा प्रत्येक जण बोलता बोलता तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असणार. पहिली बैठक चालवणाऱ्या माणसाबरोबर आदल्या दिवशी अर्धा तास बसून प्रत्येक विषयाला किती वेळ, कोण आडवळणाला जाण्याची शक्यता आहे, मतभेद झाले तर काय करायचे, हे बोलून घ्या. बैठकीत तो अडखळेल. त्या क्षणी तुमची जीभ आपोआप वळेल; तिला आवरा आणि मनात दहा आकडे मोजा. बहुधा सातव्या आकड्याच्या आत दुसरे कोणीतरी बोलते. बैठकीनंतर लगेच पंधरा मिनिटे पुन्हा दोघांनी बसायचे : आधी त्याला काय जमले असे वाटते ते त्याने सांगायचे, मग पुढच्या वेळी तो काय वेगळे करील ते, आणि शेवटी तुमच्याकडून एकच सूचना. सात सूचना सुचल्या तरी एकच.

गप्प बसणाऱ्यांसाठी एक साधी युक्ती आहे. महत्त्वाच्या प्रश्नावर दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलायला सांगावे आणि मग क्रमाने प्रत्येकाने एकदा बोलावे. सगळ्यांचे एकदा झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही. जो एकटाच अर्धा तास घेतो, त्याला यामुळे न दुखावता आळा बसतो. अशा माणसाला वेळ पाहण्याचे काम द्यावे, असेही मी सुचवीन. दोनदा यश आले आहे, एकदा फसले आहे.

इतिवृत्ताबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या 'काय ठरले ते कळत नाही' या तक्रारीचा उपाय तिथे आहे. बहुतेक ठिकाणी इतिवृत्त म्हणजे नंतर घरी बसून लिहिलेली हकीकत असते : अमुक म्हणाले, तमुक म्हणाले, सविस्तर चर्चा झाली. ते पुढच्या सभेत वाचून कायम होते आणि फाइलीत जाते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कामकाजाच्या सभांत निर्णयाची नोंद तिथल्या तिथे लिहून, वाचून, सर्वांच्या संमतीने पक्की केली जाते, त्यांचे हे वळण उचलण्यासारखे आहे. प्रत्येक विषय संपला की इतिवृत्त लिहिणाऱ्याने एक वाक्य मोठ्याने वाचायचे : काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. ज्याचे नाव आले, त्याने तोंडाने हो म्हणायचे. 'सर्वांनी प्रयत्न करावा' अशी नोंद निघाली, तर काहीच ठरले नाही असे समजून पुन्हा प्रश्न विचारायचा. पुढची बैठक याच पानापासून सुरू होते. एखादे काम झाले नसेल, तर 'का केले नाही?' असे न विचारता 'कुठे अडले?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सबब मिळते आणि दुसऱ्याला माहिती मिळते. व्हॉट्सअॅप गटावर आठवण जरूर द्यावी, निर्णय मात्र तिथे घेऊ नयेत. मध्यरात्री अंगठा दाखवणाऱ्याने काय मान्य केले, हे त्यालाही सकाळी आठवत नाही.

या साऱ्यात काम काही काळ बिघडेल. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्या चुकीला तुम्ही पुन्हा सगळे ओढून घ्याल. पैशांचा हिशेब, कायदेशीर मुदती आणि मुलांची सुरक्षितता या तीन ठिकाणी चूक परवडणार नाही, म्हणून तिथे नेहमी दोन माणसांची नजर असावी. बाकी निवेदन एक आठवडा उशिरा गेले, पत्रक साधे झाले, सभेला माणसे कमी आली, तर ते सोसावे. काही कामे कोणीच उचलणार नाही. तेव्हा गटाला ते काम खरोखर हवे होते, की फक्त तुम्हाला, हा प्रश्न बैठकीत उघडपणे विचारा आणि उत्तर 'फक्त तुम्हाला' असे आले, तर ते काम सोडून द्या.

आता तुमचा मूळ पेच : बाजूला व्हावे की राहावे. उद्याच राजीनामा देण्याच्या मी विरुद्ध आहे. त्यातून गटाला शिक्षा होते आणि 'माझ्याशिवाय चालत नाही' हे सिद्ध झाल्याचे खोटे समाधान तेवढे मिळते. आहे तसे चालू ठेवणे तर तुम्हीच अशक्य ठरवले आहे. प्रकृतीवर परिणाम होऊ लागला असेल, झोप उडाली असेल, घरातल्यांशी चिडचिड होत असेल, तर बाकीचे सगळे बाजूला ठेवून आधी तीन महिन्यांची रजा घ्या, परतीची तारीख सर्वांना सांगून घ्या, आणि त्या काळात काय चालू राहिले व काय थांबले याची नोंद दुसऱ्या कोणाला तरी ठेवू द्या. परिस्थिती तितकी टोकाला गेली नसेल, तर नऊ-दहा महिन्यांनंतरची एक तारीख ठरवून पुढच्या बैठकीत जाहीर करा : या दिवसानंतर मी गटाची समन्वयक नसेन, सदस्य असेन. तोवरच्या प्रत्येक महिन्यात एक निर्णयाधिकार कोणाच्या तरी हाती जाईल आणि तशी नोंद इतिवृत्तात होईल. समन्वयक हे पद त्याच बैठकीत अधिकृतपणे निर्माण करा, त्याला दोघे जण नेमा, मुदत एक वर्षाची ठेवा.

सदस्य म्हणून राहणे म्हणजे काय, याची कल्पना करताना मला अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीतल्या संघटक एला बेकर यांची आठवण होते. १९६० च्या फेब्रुवारीपासून अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय विद्यार्थी वंशभेद पाळणाऱ्या उपाहारगृहांत ठिय्या देऊ लागले, तेव्हा एप्रिलमध्ये रॅली शहरातील शॉ विद्यापीठात त्या विद्यार्थ्यांना एकत्र आणले ते बेकर यांनी. त्या वेळी त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या आणि संघटनेच्या कामातला त्यांचा अनुभव तिथल्या कोणत्याही विद्यार्थ्याहून कितीतरी जास्त होता. या मुलांनी प्रस्थापित संघटनेची युवा शाखा व्हावे, असे काही ज्येष्ठांना वाटत होते. मुलांनी स्वतंत्र राहावे आणि आपले निर्णय आपण घ्यावेत, या बाजूने बेकर उभ्या राहिल्या. विद्यार्थ्यांची स्वतंत्र समिती स्थापन झाली आणि बेकर तिच्या सल्लागार राहिल्या. त्या निघूनही गेल्या नाहीत आणि मधल्या खुर्चीतही बसल्या नाहीत.

पुढची बैठक होण्याआधी तुम्हाला एक भेट घ्यायची आहे, हे तुम्ही ओळखले असेलच. त्या तरुणीला परत बोलावण्यासाठी जाऊ नका. 'आम्हाला तुझी गरज आहे' हे वाक्य आत्ता तिच्यावर नवे ओझे टाकील. जाण्यापूर्वी तिने लिहिलेला मूळ अहवाल शोधून काढा, तुमच्याकडे तो असणारच, आणि या वेळी हातात पेन न घेता तो पुन्हा एकदा वाचा. मग तिला सांगा की तिचा अहवाल तिला न विचारता बदलायला नको होता. या वाक्यापुढे 'पण' लावू नका. अधिकाऱ्यांची मुदत होती, वेळ नव्हता, हे सगळे तिला ठाऊक आहे. तिच्या अहवालातली जी गोष्ट तुमच्या अहवालात नव्हती आणि असायला हवी होती, अशी एक तरी तुम्हाला सापडली असेल, तर ती तिला दाखवा. त्यानंतर ती काय म्हणते ते ऐका, आणि ती काहीच म्हणाली नाही, तर तेही ऐकून घरी या.